बेवारस ठेवींचे गाव

वारसा जतन करणाऱ्या संस्था म्हटल्या की मला जरा धडकीच भरते. फेटे, खाद्यमहोत्सव, एक गुळगुळीत स्मरणिका आणि तिच्या पहिल्या पानावर मंत्रिमहोदयांचा संदेश! सरहद्दीवरच्या मुलखात तर हा उद्योग फारच सोपा. चार भाषांतली चार गाणी बसवावीत, चार पदार्थ मांडावेत आणि इथे सारे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते, असे भाषण ठोकावे. मग ते सारे गेले कुठे, हे मात्र कुणी विचारायचे नाही.

हे विचारणारी एक संस्था पोलंडच्या ईशान्य टोकाला, सेइनी या गावात आहे. लिथुआनियाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. वस्ती जेमतेम पाच-सहा हजार. पोलिश, लिथुआनियन, ज्यू आणि रशियातून धर्मछळामुळे पळून आलेले 'जुन्या श्रद्धेचे' ख्रिस्ती अशी या टापूची जुनी घडण. १९१९-२० मध्ये पोलिश आणि लिथुआनियन फौजांच्या लढाईत हे गाव अनेकदा या हातातून त्या हातात गेले आणि नंतर १९३८ पर्यंत दोन्ही देशांत राजनैतिक संबंधच नव्हते. १९३९ मध्ये नाझींनी गावातले ज्यू हुसकून लावले. त्यांचे पांढरे सिनेगॉग तेवढे उरले, त्याचे पुढे खतांचे गोदाम झाले.

१९९० साली क्शिश्तोफ चिझेव्हस्की आणि त्यांच्या नाटकवाल्या मित्रमंडळींनी 'पोग्रानिचे', म्हणजे 'सीमाप्रदेश', या नावाची संस्था काढली आणि बिऱ्हाडासकट ती सेइनीत आणली. ही माणसे गावाबाहेरची. त्यांनी व्याख्यानमाला सुरू केली नाही. शाळकरी मुलांना घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे धाडले. आजीआजोबांनी सांगितले ते मुलांनी लिहून घेतले, मातीचे छोटे गाव घडवले, त्यात चर्च आले, सिनेगॉग आले आणि त्याभोवती बसून मुले त्या आठवणी नि गाणी सादर करू लागली. पोलिश गाणी, लिथुआनियन गाणी, यिद्दिशसुद्धा. हेच 'सेइनीची बखर' हे नाटक. मुले मोठी होऊन बाहेर पडतात, त्यांच्या भूमिका धाकटी उचलतात. सिनेगॉगमध्ये ज्यूंचे क्लेझ्मर संगीत वाजवणारा तरुणांचा वाद्यवृंदही उभा राहिला.

आता आक्षेप असा, की गावात ज्यू उरलेले नसताना कॅथलिक घरांतल्या पोरांनी त्यांचे संगीत वाजवायचे, हा कुठला न्याय? आक्षेप पोकळ नाही. मला मात्र इथे बँकेतल्या दावा न केलेल्या ठेवी आठवतात. खातेदार गेला, वारस फिरकला नाही, तरी ती रक्कम बँकेच्या नफ्यात धरता येत नाही. आपल्याकडे २०१४ पासून दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारस केव्हाही दारात आला तरी ती द्यावीच लागते. ठेव सांभाळणे वेगळे आणि गिळणे वेगळे. फरक कळतो तो हिशेब तपासताना.

'पोग्रानिचे'चा हिशेब तपासला गेला तो २००० साली. येदवाब्ने या गावात १० जुलै १९४१ रोजी पोलिश रहिवाशांनी आपल्याच ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळले, हे सांगणारे यान ग्रॉस यांचे 'शेजारी' हे पुस्तक पहिल्यांदा छापले ते या आडगावच्या संस्थेने. देश हादरला. बळींच्या आकड्यावर वाद झाले, सरकारी चौकशीत किमान ३४० बळी निघाले. २००१ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्हस्की यांनी येदवाब्नेत जाऊन क्षमा मागितली. गाणी बसवणाऱ्या संस्थेला हे पुस्तक टाळता आले असते. अनुदानावर जगणाऱ्यांना टाळण्याची सवय लवकर लागते, हे मी कर्जप्रकरणांच्या फायली वाचून सांगतो.

कवी चेस्लाव मिलोश यांच्या आईकडचा वाडा जवळच क्रास्नोग्रुडा इथे आहे. संस्थेने तो दुरुस्त करून २०११ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, खुला केला. त्यात संवादाचे केंद्र चालते. संग्रहालय केले असते तर सोपे गेले असते.

पोलंडच्या सरहद्दीची एक ठेव आपल्याकडेही होती. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुले. सेइनीच्या मुलखातले नव्हेत, पूर्व पोलंडातले. सोव्हिएत राजवटीने १९४० पासून त्यांना सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकले होते. सुटल्यावर इराणमार्गे ती इथे आली, शाळा नि चर्च उभारून राहिली. युद्ध संपले तेव्हा त्यांची घरे सोव्हिएत हद्दीत गेलेली, परतायचे कुठे? ती जगभर पांगली आणि छावणीच्या जागी फाळणीने उखडलेले सिंधी आले. तेच आजचे गांधीनगर, घाऊक कापडाची पेठ. २०१९ मध्ये वळिवड्यात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. सिंधी आजोबांकडे वह्या घेऊन बसणारी मुले मात्र अजून कुणी धाडलेली नाहीत.

तिकडे सेइनीचा टापू पुन्हा नकाशावर तांबड्या पेन्सिलीने रेखला जातो आहे. २००७ मध्ये पोलंड-लिथुआनिया हद्दीवरची तपासणी उठली होती. २०२२ च्या युक्रेनवरील आक्रमणानंतर बेलारूस आणि रशियाचे कालिनिनग्राड यांच्यामधली 'सुवाल्की पट्टी' सेनानींच्या तोंडी पुन्हा येऊ लागली. सेइनी याच पट्टीत येते.