नकार कुणाचा?

अवयवदानाचा विषय निघाला की पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आदिवासी भाग आहे, लोक मृतदेहाला हात लावू देत नाहीत." असं म्हणणाऱ्याला उलट विचारावं, मागितलं कुणी होतं? नकार मिळायलाही आधी कुणीतरी मागावं लागतं. डोक्याला जबर मार लागलेल्या इथल्या रुग्णाच्या नातेवाइकांना ऐकू येतं ते "पुढे न्या" एवढंच. पुढे म्हणजे वापी, वलसाड, सिल्वासा, नाहीतर मुंबई.

4 सप्टेंबर 2022 रोजी इथेच, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. दोघे गेले. बचावलेल्या दोन जखमींना आधी वापीला आणि मग मुंबईला हलवावं लागलं. पैशाला तोटा नसलेल्यांची ही वाट, तर कासा-आंबोलीच्या मोटारसायकलस्वाराची कोणती असेल?

मृत व्यक्तीचं हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड आपल्याकडे बहुधा मेंदूमृत्यूनंतरच मिळतं. मेंदू कायमचा थांबलेला आणि व्हेंटिलेटरच्या आधारावर हृदय चालू, ही अवस्था अतिदक्षता विभागाबाहेर टिकत नाही. म्हणजे रस्त्यात प्राण गेलेल्याच्या घरच्यांनी मनापासून होकार दिला, तरी त्याचं मूत्रपिंड वाया जातं. त्या वाया जाण्याचा दोष भगतावर, रूढीवर किंवा अज्ञानावर टाकणं ही सोयीची पळवाट आहे. तलासरी तालुक्यातल्या झरी गावात 1945 मध्ये वारली आदिवासींनी वेठबिगारी नाकारण्याचा निर्धार केला. समजावून सांगितलं तर न समजणारी ही माणसं नव्हेत.

दुसरा आक्षेप जाणकारांचा : "इथे न्यूरोसर्जन कुठे आहे?" मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टर लागतात आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या कराव्या लागतात, हे खरं. पण 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 साली झालेली दुरुस्ती सांगते की न्यूरोसर्जन किंवा न्यूरोलॉजिस्ट उपलब्ध नसेल, तर मान्यताप्राप्त सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ त्याच्या जागी चालतो. प्रत्यारोपण न करता केवळ अवयव काढून पाठवणाऱ्या रुग्णालयांच्या नोंदणीची तरतूदही कायद्यात आहे. कायदा तालुक्यापर्यंत पोचला आहे, यंत्रणा पोचलेली दिसत नाही.

तिसरा आक्षेप पोलिसांच्या नावाने : अपघाताची केस, शवविच्छेदनाआधी काही काढता येत नाही. हेही चूक. त्याच कायद्याचं सहावं कलम शवविच्छेदनासाठी आलेल्या देहातूनही, तपासाला गरज नसलेला अवयव काढण्याची परवानगी देतं. कुटुंबाची खरी चिंता वेगळी असते : देह गावी कधी पोचणार आणि गाडीभाडं कोण देणार? तिला अंधश्रद्धा म्हणता येत नाही. तिचं उत्तर सरकारी रुग्णवाहिकेने द्यायचं असतं.

चौथा समज असा की नाकारलेला अवयव निकामीच असतो. हृदयाला साधारण चार तास मिळतात, यकृताला बाराच्या आसपास, मूत्रपिंडाला चोवीस ते छत्तीस. विचारणा, तपासण्या आणि प्रवास यांतच ही मुदत सरली, तर धडधाकट अवयवही हातचा जातो. अमेरिकेत अलीकडे काढलेल्या मूत्रपिंडांपैकी सुमारे चौथा हिस्सा टाकून दिला जातो. 2004 ते 2014 या काळात तिथे हे प्रमाण 17.9 टक्के होतं, फ्रान्समध्ये 9.1. फ्रेंच डॉक्टर अधिक वयाच्या दात्यांची मूत्रपिंडंही स्वीकारत होते. म्हणजे अवयव टाकायचा की वापरायचा, हे बऱ्याचदा घेणाऱ्याच्या धोरणावर ठरतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र इथल्याच माणसाचा आहे : "आम्हाला वाचवायला सोय नाही, आणि आमचे अवयव काढायला सोय करणार?" हा संताप रास्त आहे. पण दोन्ही सोयी मुळात एकच आहेत. जो व्हेंटिलेटर, जो भूलतज्ज्ञ, जी रक्त तपासणी जखमीला वाचवते, त्यांच्याच आधारे मेंदूमृत्यू ठरतो. वाचवण्याचे सर्व उपाय झाल्याखेरीज त्या तपासण्यांची वेळच येत नाही. म्हणून जिथे प्रामाणिक अवयवदान होतं तिथे प्रामाणिक उपचार आधी झालेले असतात. एकाची मागणी म्हणजे दुसऱ्याचीही मागणी.

ती मागणी नेमकी करायला हवी. डहाणूत आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, धुंदलवाडीजवळ वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांपैकी किमान एका ठिकाणी चोवीस तास चालणारा अतिदक्षता विभाग, मेंदूमृत्यू ठरवणारी मान्यताप्राप्त समिती आणि वारली बोलू शकणारा समन्वयक असावा. हे आधीच असेल, तर ते गावोगाव सांगितलं जावं. मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला कळवायचं काम रात्रीही थांबू नये. नेत्रदान तर उद्यापासून वाढू शकतं : त्याला व्हेंटिलेटर लागत नाही, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत प्रशिक्षित तंत्रज्ञ पोचला की पुरे.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला, तो सोयी जवळ याव्यात म्हणून. ही सोय जवळ येईपर्यंत "आदिवासी अवयव देत नाहीत" हे वाक्य कुणी उच्चारू नये. ज्याच्यापुढे कधी हात पसरलाच नाही, त्याला कंजूष ठरवणं हा शुद्ध खोटेपणा आहे.