डीप्रायॉरिटाइज!

आपल्या धंद्यात एक फार सोयीचा शब्द आहे. डीप्रायॉरिटाइज. बग खोटा आहे असं कोणी म्हणत नाही, बंदही करत नाही. नुसता पी-वनचा पी-फोर होतो आणि मग त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. हाच शब्द हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यांच्या निवेदनात वाचला आणि चाटच पडलो.

प्रकरण अफगाणिस्तानचं. हा देश २००३ साली न्यायालयाचा सदस्य झाला. त्यामुळे त्याच्या भूमीवर गुन्हा करणारा कोणीही असो, अगदी सदस्य नसलेल्या अमेरिकेचा सैनिकसुद्धा, चौकशी होऊ शकते. फातू बेनसूदांनी २०१७ मध्ये तशी परवानगी मागितली. यादीत तालिबान, अफगाण फौजा आणि कैद्यांच्या छळाचा आरोप असलेले अमेरिकी सैनिक व सीआयए, सगळेच. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेने बाईंचा व्हिसा रद्द केला. त्याच महिन्यात न्यायाधीशांनी परवानगी नाकारली. का, तर सहकार्य मिळायची चिन्हं नाहीत, म्हणून चौकशी 'न्यायाच्या हिताची' नाही! म्हणजे आरोपी दाद देत नाही, हेच त्याला सोडायचं कारण?? मार्च २०२० मध्ये अपिलात हा निकाल फिरला, तर सप्टेंबरमध्ये बेनसूदांवर थेट निर्बंध. (ते पुढे २०२१ मध्ये बायडेन सरकारने उठवले.)

मग आले करीम खान. सप्टेंबर २०२१ मध्ये ते म्हणाले, लक्ष तालिबान आणि इसिस-खोरासानवर, बाकीचं डीप्रायॉरिटाइज. कारणं दोन. तालिबानचे गुन्हे मोठे आणि अजून चालू आहेत, आणि आमची साधनं तोकडी आहेत. पहिलं मला पटतं. बायका-मुलींच्या छळासाठी तालिबानच्या दोन बड्या नेत्यांवर जुलै २०२५ मध्ये वॉरंट निघालं, ते उत्तमच झालं. पण दुसरं? जेमतेम पाच महिन्यांत युक्रेन पेटलं, ३९ देशांनी प्रकरण न्यायालयाकडे पाठवलं, देशोदेशीचा पैसा आणि माणसं येऊ लागली, आणि मार्च २०२३ मध्ये पुतिनवर वॉरंट. तेही योग्यच. मात्र बजेट कोणत्या फायलीसाठी सापडतं हे पैसे देणारे ठरवतात, आपल्या क्लायंटसारखंच!

आणि एवढं करून अमेरिका खूश झाली का? छे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहूंवर वॉरंट निघालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्बंध लावले, ते याच खानसाहेबांवर.