आधी फ्रीजर, मग हॉप्स

एप्रिल-मेमध्ये बीड, माजलगाव, परळी या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. नव्याने ब्रूइंग (बिअरनिर्मिती) शिकणाऱ्याच्या हातून हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वाळवलेली फुले, वाया जाण्याचा हाच हंगाम. यीस्ट जपा, भांडी निर्जंतुक ठेवा, असे त्याला सगळेच बजावतात. हॉप्सचे फोडलेले पाकीट मात्र कपाटात पडून राहते. पुढे बिअर सपक झाली की दोष उकळीच्या मिनिटांवर जातो. आमच्या मते पहिल्या बॅचचा निकाल बहुतेक वेळा उकळीआधी, साठवणीतच लागलेला असतो.

हॉप्स वाळवलेले दिसतात म्हणून टिकाऊ समजले जातात. त्यांतल्या ल्युप्युलिन या पिवळ्या भुकटीत कडवटपणा देणारी अल्फा आम्ले असतात आणि सुगंधी तेले असतात. उष्णता, हवा आणि उजेड या तिन्हींनी दोन्ही झिजतात. तापमान १५ अंशांनी वाढले की झीज ढोबळमानाने दुप्पट होते. या हिशेबाने उणे १८ अंशांच्या फ्रीजरपेक्षा ४२ अंशांच्या खोलीत ती सोळापट वेगाने होईल. त्यात आपल्यापर्यंत येणारा माल आधीच लांबचा प्रवास करून आलेला असतो. देशात हॉप्स पिकतात ते लाहौलच्या खोऱ्यात. बाकी बहुतेक माल जर्मनी-अमेरिकेतून येतो. या वेलाला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो. बीडचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, त्यामुळे इथे हॉप्सची लागवड करून देण्याच्या योजना कोणी आणल्याच, तर शेतकऱ्याने दूरच राहावे.

साठवणीचा फटका आकड्यांत मोजता येतो. २० लिटर वर्टमध्ये (माल्टच्या गोड काढ्यात) ६ टक्के अल्फाचे २५ ग्रॅम हॉप्स तासभर उकळले आणि त्यातला चौथा भाग कामी आला, तर कडवटपणा सुमारे १९ आयबीयू (कडवटपणाचे एकक) येतो. तेच हॉप्स एक तृतीयांश उतरलेले असतील, तर तो साडेबारावर येतो. पाककृती तीच, वजनही तेच, बिअर वेगळी. म्हणून पाकिटावरचा अल्फाचा आकडा आणि हंगामाचे वर्ष वाचल्याशिवाय तराजूला हात लावू नये. छोटी पाकिटे घ्यावीत, उरलेल्यातली हवा दाबून काढावी, तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवावे. वीज वारंवार जात असेल तर वर्षाचा साठा करूच नये. जुन्या चीजसारखा वास मारणारे हॉप्स सरळ टाकून द्यावेत. मात्र असा माल किंवा उकळीनंतर उरलेला हॉप्सचा गाळ उकिरड्यावर उघडा टाकू नये. कुत्र्यांना तो विषारी ठरतो.

भट्टीवरचे नियम त्यामानाने थोडे. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी घातलेले सुगंध. फोडणीतला हिंग आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांची कामे जशी वेगळी, तशीच. उकळत्या वर्टमध्ये पेलेट (हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या) पडताच फेस उसळतो, म्हणून आच आधी कमी करावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कडवटपणा घशाला खरखरीत लागतो. पाण्याची तपासणी करून घ्यावी. आंबवण संपल्यावर कोरडे हॉप्स घातले, तर त्यांतली विकरे उरलेल्या डेक्स्ट्रिनचे तुकडे करतात आणि यीस्ट पुन्हा जागे होते. घाईने बाटलीबंद केलेली बिअर मग बाटली फोडू शकते. बाटली तपकिरीच हवी: उन्हात हॉप्सच्या आम्लांपासून उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते.

आता कायद्याबद्दल. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. हातभट्टी आणि हौसेची घरगुती बिअर यांत कायदा फरक करत नाही. आम्हीही तसा आडमार्ग सुचवणार नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून राज्यात परवानाधारक मायक्रोब्रुअरी वाढल्या आहेत, वाळूजला बिअरचे मोठे कारखाने आहेत, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये या क्षेत्राचे शिक्षण मिळते. पहिली बॅच तिथे, जाणत्याच्या नजरेखाली व्हावी.

घरी सरावाला हॉप्सचे पाणी पुरेसे आहे. त्यात साखर नाही, यीस्ट नाही, म्हणून मद्यही नाही. पाणी उकळून ८० अंशांपर्यंत निवू द्यावे, लिटरला दोन-तीन ग्रॅम पेलेट घालून पंधरा मिनिटांनी गाळावे आणि थंड करून चाखावे. एका भांड्यात फ्रीजरमधले हॉप्स, दुसऱ्यात आठवडाभर कपाटात उघडे ठेवलेले, असा प्रयोग प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने एकदा करून पाहावा.

नव्या मंडळींना आमचा आग्रह एवढाच: पहिल्या बॅचला हॉप्सची एकच जात घ्या, प्रमाण माफक ठेवा, चार-पाच जातींची आयपीए ही हॉप्सप्रधान बिअर नंतरही करता येईल. आणि परवानाधारक ब्रुअरी चालवणाऱ्यांनी शिकाऊ मुलांना वर्टच्या भांड्याआधी शीतगृहाची नोंदवही हाती द्यावी.