‘सर, पोहरा म्हणजे काय?’

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण वर्गात सहज बोलून गेलो आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, पोहरा म्हणजे काय?’’ डोंबिवलीत नळ आणि टँकर एवढेच पाहिलेल्या मुलाचा हा प्रश्न. त्याचा त्यात दोष नाही. मात्र आम्ही साहित्याचे अध्यापक ‘विहीर’ वा ‘डोह’ दिसला की लगेच नेणिवेचे प्रतीक म्हणून मोकळे होतो. ज्याने पाणीच पाहिलेले नाही, त्याला प्रतीक कशाचे दाखवायचे?

या संदर्भात माया लोकांची आठवण होते. मेक्सिकोतील युकातानच्या उत्तर भागात वाहती नदी जवळजवळ नाही. पाऊस चुनखडकात मुरतो, खडक विरघळत जातो, पोकळीचे छत कोसळते आणि खालचे पाणी उघडे पडते. हीच ‘सेनोते’ नावाची कुंडे. चिचेन इत्झा या नगरनामाचा अर्थच ‘इत्झांच्या विहिरीचे मुख’ असा आहे. तेथील सुमारे ६० मीटर रुंदीच्या पवित्र कुंडातून एडवर्ड थॉम्पसनने विसाव्या शतकाच्या आरंभी सोने, जेड, धूप आणि माणसांची हाडे उपसून काढली. आपल्याकडे त्यातला नरबळी तेवढा रंगवून सांगितला जातो. मला अधिक बोलके वाटते ते हे, की त्याच नगरात पिण्याच्या पाण्यासाठी श्तोलोक हे निराळे कुंड होते. भय आणि तहान यांची त्यांनी गल्लत केली नाही.

आपल्या पायाखाली बेसाल्ट. (सेनोतेंचे एक मोठे कडे ज्या अशनीपाताच्या विवराभोवती आहे, तो आघात आणि दख्खनचा लाव्हा, दोन्ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे!) इथे जमीन आपणहून उघडली नाही, आड आणि बारवा खोदाव्या लागल्या. पण खाली उतरण्याची ओढ तीच. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवालयात (शके ९८२, इ. स. १०६०) गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीची कारखान्यांच्या सांडपाण्याने काय दशा केली, ते इकडच्या माणसाला डोळे मिटूनही कळते. ठाणे अजून तलावांचे शहर म्हणवते. तेथेही पाण्याशी नाते उरले आहे ते काठावर फेरफटका मारण्यापुरतेच.

कवितेचा तास सोडून मी वर्गाला अंबरनाथला नेले. तो मुलगा गाभाऱ्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला. ‘‘इथे गार आहे, सर,’’ म्हणाला. मी प्रतीकाचा विषय काढला नाही.