मेलेल्या मांजराची उसळी

'डेड कॅट बाउन्स' हे शब्द मी पहिल्यांदा तोंडात घोळवले तेव्हा स्वतःवरच खूष होतो. एप्रिल २००९. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर जाऊन मार्च २००९ मध्ये ८,००० च्या घरात आपटला होता आणि आता परत चढत होता. काकांचा फोन आला, "काय करू रे? चिमीच्या लग्नाचे पैसे आहेत ते." मी (दोन-चार इंग्रजी लेख वाचून झालेला अर्थतज्ज्ञ) ऐटीत म्हणालो, "काका, उंचावरून टाकलं की मेलेलं मांजरसुद्धा थोडं उसळतं. फसू नका, विकून टाका."

काकांनी विकले. १८ मे ला, निवडणुकीच्या निकालानंतर, सेन्सेक्स एका दिवसात २,११० अंकांनी वर गेला. मांजर चांगलं जिवंत होतं!

तेव्हापासून माझं या शब्दाशी वाकडं आहे. १९८५ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने तो सिंगापूर-मलेशियाच्या बाजारांबद्दल छापला होता. ते सिंगापूरही पुढे सावरलंच की.

आता, मांजर कधी खरंच मेलेलं असतं. १९२९ च्या पडझडीनंतर अमेरिकेचा डाऊ जोन्स एप्रिल १९३० पर्यंत जवळजवळ ५० टक्के वर आला आणि मग १९३२ पर्यंत घसरतच गेला. पण एप्रिल १९३० मध्ये पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे कुठून कळणार? बाजार परत पडला तर ती उसळी, नाही पडला तर ती तेजी. म्हणजे बारसं मागाहून!

आपल्याकडे 'विझताना दिवा मोठा होतो' म्हणतात. आजारी माणूस अचानक उठून बसला, चहा मागितला, की कोपऱ्यात कोणीतरी हे पुटपुटतं. पण पुटपुटतं हो, त्याच्या तोंडावर म्हणत नाही. माझ्यासारखे लोक मात्र हे मांजर थेट सल्ला म्हणून विकतात. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६,००० च्या खाली जाऊन वर येऊ लागला तेव्हाही हेच मांजर बाहेर काढलं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये ५०,००० पार झाले. इतिहास सांगताना हा शब्द खुशाल वापरा, पण चालू बाजाराबद्दल कोणी वापरला तर मी तरी फोन ठेवून देतो.

चिमीचं लग्न झालं, काकांनी पीएफमधून पैसे काढले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त अजूनही फोनवर आधी विचारतात, "काय रे, मांजर बरं आहे ना?"