मुंबई-अहमदाबाद : सव्वा तास कोणाचा?

आमच्या कापड बाजारातील तरुण मंडळी हल्ली मोठ्या अभिमानाने सांगतात की अहमदाबाद आता सव्वा तासावर आहे. आमचे म्हणणे इतकेच की सव्वा तासावर आहे ते अहमदाबादचे विमानतळ, बाजार नव्हे.

मुंबई-अहमदाबाद अंतर रेल्वेने सुमारे ४९० किलोमीटर, हवाई मार्गाने सुमारे ४४० किलोमीटर. विमान सव्वा तासात पोहोचते, हे खरे. पण व्यापाऱ्याने हिशोब दुकानाच्या पायरीपासून करावा. मंगळदास मार्केटहून विमानतळ गाठायला एक ते दीड तास धरा. भिवंडीकरांची तर गोष्टच सोडा. सामान घेण्याचा काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून शहाणा माणूस दोन तास आधी जातो. तिकडे उतरून सामान ताब्यात घेणे आणि हांसोलहून शहरात येणे, यात आणखी एक तास. बेरीज साडेपाच तासांच्या आसपास जाते. २०२२ साली सुरू झालेली वंदे भारत गाडीही मुंबई सेंट्रलहून जवळपास तेवढ्याच वेळात पोहोचवते, आणि कालूपूर स्टेशनाबाहेर पडले की रेवडी बाजार, पांचकुवा हाकेच्या अंतरावर. रात्रीच्या गाडीने निघाल्यास इशा इथे, फजर तिथे. दुकाने उघडण्याआधी माणूस हजर, शिवाय लॉजचे भाडे वाचले.

हनफी उलेमांनी कसर नमाजसाठी ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरची हद्द धरली आहे. विमान एवढे अंतर काही मिनिटांत कापते, तरी प्रवासी तो प्रवासीच. तिथे अंतर पाहतात, घड्याळ नव्हे.

आता पैशाचे बोलू. ग्रे कापडात मीटरमागे पन्नास पैसे सुटत असतील आणि विमानाने जाण्या-येण्याचा जादा खर्च पाच हजार झाला, तर दहा हजार मीटरचा नफा हवेत गेला. मोठ्या पेढीला ते परवडेल. चार लूमवाल्याने त्यांची बरोबरी का करावी? त्यात सॅम्पलची पेटी. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान चालते, त्यावर किलोमागे पैसे मोजा. कापड वजनदार असते, हे विमानवाल्यांना आमच्याआधी कळले.

आम्ही विमानाचे दुश्मन नाही. कोलकाता रेल्वेने सुमारे दोन हजार किलोमीटर, गाडीत एक दिवसाहून अधिक जातो. विमान पावणेतीन तासांत नेते. तिथे जरूर विमानाने जावे. दुकान दोन दिवस बंद ठेवण्यापेक्षा ते स्वस्तच पडते.

अहमदाबादच्या बाबतीत मात्र खरे नुकसान परतीच्या तिकिटात असते. विमानतळ शहराच्या उत्तरेला, प्रोसेस हाऊस दक्षिणेला नारोलमध्ये. लॉटचा रंग सॅम्पलशी जुळला नाही तर पुन्हा डाईंग करून घ्यावे लागते, समोर उभे राहून पाहावे लागते. अशा वेळी संध्याकाळचे स्वस्त तिकीट खिशात असलेला माणूस घड्याळ पाहतो आणि "चालेल" म्हणून सही करून निघतो. समोरचा प्रोसेसवालाही ते ओळखून असतो. रात्रीच्या गाडीने परतणाऱ्याला चार-पाच तास जास्त मिळतात, आणि तेवढ्या वेळात लॉट उन्हात नेऊन दोनदा पाहता येतो.