विश्लेषण : घाटात ब्रेक ‘फेल’ का होतात? ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना ठाऊक असलेले उत्तर

पाटोद्याहून बीडकडे निघाले की मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. जामखेडमार्गे अहिल्यानगर किंवा पुण्याकडे निघाले की सौताड्याचा. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या या तालुक्याला उतार नवा नाही. नवी आहे ती घरासमोर उभी असलेली मोटार, आणि तीही बऱ्याचदा शहरात काही वर्षे वापरून विकलेली. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा पाहायला, कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला, एरवी लग्नाला किंवा दवाखान्याला माणसांनी भरलेल्या या गाड्या घाट चढतात, उतरतात.

घाटात अपघात झाला की बातमीत एक वाक्य हमखास येते : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ चौकशी बहुधा याच वाक्यापाशी थांबते. जणू ब्रेक निकामी होणे हा दैवाचा भाग आहे. तो तसा नाही. ब्रेक कधी आणि का सोडून देतात, हे शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने गाडी चालवणाऱ्यांना नेमके माहीत असते. घाट उतरणाऱ्यांपर्यंत मात्र ते पोहोचलेले नाही.

ट्रॅकवर जाणारा आधी काय तपासतो?

कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट. अशा ठिकाणी ‘ट्रॅक डे’ भरतात. पैसे भरून, हेल्मेट घालून आपलीच गाडी ट्रॅकवर हवी तशी पळवायची. शर्यत नसते, बक्षीस नसते. (नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणीचे नुकसान वगळलेले असते, हे हौशी मंडळींना अनेकदा उशिरा कळते.)

या मंडळींची तयारी पाहण्यासारखी असते. इंजिनाकडे लक्ष नंतर, आधी ब्रेक. चाक काढून पॅडची जाडी मोजली जाते. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मसाला असतो आणि रोजच्या वापरात ३ मिलिमीटर उरला की पॅड बदलावा, असा रिवाज आहे. ट्रॅकवर जाणारा मात्र निम्मा झिजलेला पॅडही नेत नाही. पातळ पॅडमधून उष्णता पलीकडच्या ऑइलपर्यंत लवकर पोहोचते, हे त्याचे कारण. डिस्कवर भेगा आहेत का, रबरी होस पाइप फुगला आहे का, हे पाहिले जाते. नवे पॅड घातले तर आधी रस्त्यावर हलके-हलके दाबून ते बसवून घेतले जातात. आणि ब्रेक ऑइल बदलले जाते, जुने चांगले दिसत असले तरी.

ट्रॅकवरही शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, हळू मारतात. गाडी थांबल्यावर हँडब्रेक ओढत नाहीत, गिअरमध्ये ठेवतात. तापलेल्या डिस्कला वारा लागू द्यायचा, एवढाच हेतू.

ब्रेक म्हणजे शेवटी काय?

गाडी थांबवणे म्हणजे तिच्या वेगाची उष्णता करणे. १,२०० किलोची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली की जेवढी उष्णता निर्माण होते, तेवढ्यात दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापवता येईल. ही सगळी उष्णता चार चाकांतल्या लोखंडात, आणि त्यातही जास्त पुढच्या दोन चाकांत जाते.

उताराचा हिशेब याहून बोलका आहे. गाडी शंभर मीटर उंची उतरली की तिचे वजन जी ऊर्जा सोडते, ती ताशी १०० किलोमीटरवरून अडीच वेळा थांबण्याइतकी असते. गाडी मोठी असो वा लहान, प्रमाण हेच. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना पाचशे मीटरहून अधिक उंची कमी होते. म्हणजे फक्त ब्रेकवर बोरघाट उतरणारा बारा-तेरा वेळा करकचून थांबल्याइतकी उष्णता चाकांत ओततो. मांजरसुंबा, सौताडा हे घाट त्यामानाने छोटे, पण वळणे तशीच आणि मागून येणारे ट्रकही तसेच.

इथे ट्रॅक आणि घाट यांत एक फरक आहे आणि तो घाटाच्या विरोधात जातो. ट्रॅकवर वळणानंतर लांब सरळ पट्टा येतो. बुद्ध सर्किटवर तो सुमारे एक किलोमीटरचा आहे. त्या पट्ट्यावर ब्रेकवर पाय नसतो आणि वाऱ्याचा झोत डिस्क थंड करतो. घाटात गाडी ताशी तीसने उतरते, पाय ब्रेकवर टेकलेलाच असतो आणि थंड करायला वारा जवळपास नसतो. उष्णता फक्त साठत जाते. ट्रॅकवर गाडी भीती वाटण्याइतकी वेगात असते म्हणून माणूस सावध राहतो. घाटात ती सावकाश चाललेली असते, म्हणून कोणाला काही वाटत नाही.

‘फेल’ दोन प्रकारचे

पहिल्या प्रकारात पेडल पायाला घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. पॅड किंवा लायनर इतका तापलेला असतो की त्याची पकड जाते. करपल्याचा वास येतो, कधी चाकातून धूर निघतो. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये भर म्हणजे ड्रम तापून फुगतो आणि लायनरला त्याच्यापर्यंत जास्त अंतर सरकावे लागते.

दुसरा प्रकार अधिक घातक. पेडल एकदम मऊ पडते आणि पाय तळाला जातो. याचे मूळ ब्रेक ऑइलमध्ये आहे. त्याला सगळे ऑइल म्हणतात, पण ते तेल नाही. साधे तेल त्यात घातले तर रबरी सील फुगून खराब होतात. हा ग्लायकोल जातीचा द्रव असून तो हवेतला ओलावा शोषून घेतो. नवे कोरे डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांना उकळते, डॉट-४ किमान २३० अंशांना. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हा आकडा अनुक्रमे १४० आणि १५५ इतका खाली येऊ शकतो. एवढे तापमान घाटात गाठणे अवघड नाही. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत जातच नाही.

या दुसऱ्या प्रकारात एक गोम आहे. गाडी थंड झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल पूर्ववत घट्ट लागते. अपघातग्रस्त गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहून दुसऱ्या दिवशी तपासली, तर ब्रेक ‘चालू’ सापडू शकतात. मग ‘ब्रेक लागलेच नाहीत’ म्हणणारा चालक खोटा ठरतो. तपासात ब्रेक ऑइलमधले पाणीही मोजले तरच या दाव्याचा खरेखोटेपणा कळेल. ते मोजणारे पेनाएवढे यंत्र काहीशे रुपयांत मिळते.

पण तापलेले ब्रेक थंड करण्याची खरी जबाबदारी इंजिनाची आहे आणि नेमकी तीच घाटात काढून घेतली जाते. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडायची, म्हणजे डिझेल वाचते, हा समज अजून पक्का आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात तो उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे तरी इंधन जळतेच. काही जण त्यापुढे जाऊन इंजिनच बंद करतात. मग ब्रेकच्या बुस्टरला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या एसटी चालकांचा नियम मोटारीलाही लागू आहे. वास आलाच तर रुंद जागा पाहून थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास चहा घ्यावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती तडकते किंवा वाकडी होते.

धुराची तपासणी दरवर्षी, ब्रेकची कधी?

ही जबाबदारी एकट्या चालकावर टाकून मोकळे होता येणार नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. त्या १५ वर्षांत तिच्या धुराची तपासणी बंधनकारक आहे : बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची वर्षातून एकदा, त्याआधीच्यांची सहा महिन्यांतून एकदा. ब्रेकची तपासणी मात्र एकदाही बंधनकारक नाही. मालवाहू आणि प्रवासी वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. घरच्या गाडीत बसणारी माणसे काही कमी मोलाची नाहीत.

इतरत्र असे नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि त्यात ब्रेक रोलरवर घालून मोजले जातात. जर्मनीत पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी. गंमत म्हणजे मोटार बाजारात येण्याआधी तिच्या ब्रेकची कठोर परीक्षा होते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत मोटारीसाठी तापवण्याची चाचणी आहे : ४५ सेकंदांच्या अंतराने १५ वेळा वेग निम्म्यावर आणायचा आणि त्यानंतरही तापलेल्या ब्रेकची ताकद थंड ब्रेकच्या किमान ६० टक्के उरली पाहिजे. म्हणजे कोऱ्या गाडीची परीक्षा होते, दहा वर्षे झिजलेल्या गाडीची होत नाही.

यावर हमखास आक्षेप येईल की धुराचे प्रमाणपत्रही गाडी न तपासता मिळते, ब्रेकचेही तसेच मिळेल. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच सुरुवात छोटी असावी. गाडी पाच वर्षांची झाल्यावर किंवा मालक बदलताना, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, पॅडची जाडी, ऑइलमधले पाणी आणि चारही चाकांची पकड एवढ्या तीनच गोष्टी मोजून आकडे छापील द्यावेत. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याच्या हाती रंग आणि टायरपलीकडे काहीतरी लागेल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांनाही त्यातून काम मिळू शकते.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे फार महाग नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे हा एका सर्व्हिसिंगच्या खर्चातला लहानसा भाग आहे. सीलबंद डबाच घ्यावा, गॅरेजमध्ये महिनाभर उघडा पडलेला नको. डबीतली पातळी घटली म्हणून वरून ऑइल ओतून मोकळे होऊ नये. पातळी घटते ती पॅड झिजल्याने किंवा गळतीने, आणि दोन्ही पाहायला चाक काढावे लागते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास याच रस्त्यांनी ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत संसार, लेकरे, कधी बैलही. ट्रॅक्टरच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळायला ते सोयीचे, पण रस्त्यावर दोन्ही पेडले कडीने जोडावी लागतात, नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. कडी बऱ्याचदा सुटलेलीच असते. अनेक ट्रॉल्यांना तर ब्रेकच नसतो, असला तर ट्रॅक्टरला जोडलेला नसतो. उतारावर मागचे सगळे वजन त्या एका ट्रॅक्टरला ढकलत असते. वाहतुकीचा करार करणारा कारखाना ट्रॅक्टरची कागदपत्रे पाहतो, टोळीची उचल देतो. त्याच दिवशी, घाट लागण्याआधी, ती कडी आणि ट्रॉलीचा ब्रेक पाहायलाही त्याचा एक माणूस हवा.